चाल गावची, शब्द आपले : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पुण्याच्या लाल देवळाचा, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगचा (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचा) फोटो छापला आणि पत्रांचा ढीगच पडला. देवळाबद्दल कमी, ज्यूंच्या गाण्याबद्दलच जास्त. बरंय, आपल्याकडं गाण्याचा विषय निघाला की जेवण गार होईपर्यंत कुणी उठत नाही. हाताला लागली ती पत्रं घेतोय, राहिलेल्यांनी रागावू नका.

प्रश्न : यूट्यूबवर दोन ज्यू लग्नं बघितली. एकात क्लॅरिनेट आणि व्हायोलिन, पार युरोपियन. दुसऱ्यात सगळं अरबी ढंगाचं. मित्र म्हणतो दुसरं डुप्लिकेट आहे. खरं ज्यू संगीत कुठलं? (एक विद्यार्थी, विटा)

दोन्ही खरी, मित्राकडून चहा वसूल कर.

असं बघ, जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक कधी उघडलंयस का, नसशील तर आजोबांच्या कपाटात सापडेल, त्यात प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून लिहिलेलं असतं आणि पुढं कुठल्यातरी दुसऱ्याच गाण्याचं नाव. शब्द नवे, चाल लोकांच्या तोंडातली. आपल्या सांगलीत 1843 ला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं तेसुद्धा कानडी मंडळींचा खेळ बघूनच, म्हणून काय मराठी नाटक डुप्लिकेट झालं? ज्यूंचं तसंच. सोळाव्या शतकात इस्रायल नजारा नावाचा एक कवी होऊन गेला, त्यानं 1587 ला आजच्या इस्रायलमधल्या सफेद नावाच्या गावात हिब्रू गाण्यांचं पुस्तक छापलं, गाणी मकामांप्रमाणे लावलेली, आणि वर कुठल्या तुर्की किंवा अरबी गाण्याच्या चालीवर म्हणायचं ते दिलेलं. मकाम म्हणजे आपल्या रागासारखं काहीतरी, अगदी तेच नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा हसूच आलं, म्हटलं हा तर आपलाच माणूस.

आता ही माणसं जिथं जिथं गेली तिथल्या चाली उचलत गेली. 1492 ला स्पेननं हाकललं, तर इस्तंबूल, सॅलोनिका, इझमिर असं पांगताना जुनी स्पॅनिश बोलीच सोबत नेली. तिला लादिनो म्हणतात, आणि तिच्यातली गाणी पाचशे वर्षं आया मुलींना शिकवत आल्या, फक्त चालीत हळूहळू तुर्की सूर मुरले. पूर्व युरोपात यिद्दिश ही जर्मनच्या जवळची बोली बोलणारे, तुझ्या पहिल्या व्हिडिओतले क्लॅरिनेटवाले तिकडचे, त्या लग्नाच्या वाजंत्रीला क्लेझमर म्हणतात. मध्य आशियातल्या बुखाऱ्यात ज्यू गवई अमीराच्या दरबारात शशमकाम, म्हणजे तिकडचं शास्त्रीय संगीत, गायचे. आणि बगदादचं तर विचारू नकोस, 1932 ला कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरली, तिथं इराकनं जो संच पाठवला त्यात गायक मुसलमान आणि साथीला बसलेले जवळजवळ सगळे ज्यू! पुढं 1951 च्या आसपास इराकमधले लाखावर ज्यू इस्रायलला गेले आणि बगदादच्या मैफिलीतली अर्धी बैठकच उठून गेली. तू बघितलेलं दुसरं लग्न अशाच कुणाच्या तरी नातवंडांचं असणार.

सगळ्यात मला आवडतात ते सीरियातले अलेप्पोवाले. दर शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, तोराचा (त्यांच्या धर्मग्रंथाचा) जो भाग वाचायचा असतो त्याप्रमाणे त्या दिवशीच्या प्रार्थनेचा मकाम ठरतो, भाग दुःखाचा असेल तर हिजाज नावाचा मकाम. आपण वेळ बघून राग लावतो, ते कथा बघून लावतात.

आणि हो, ‘हावा नागिला’ हे ज्यूंचं प्रसिद्ध गाणं. सगळ्यांना वाटतं ते बायबलच्या काळातलं. चाल युक्रेनकडच्या हसीदी या ज्यूंच्या भक्तिपंथातल्या लोकांची, बिनशब्दांची, आणि त्यावर शब्द बसले पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला जेरुसलेममध्ये. शंभर-सव्वाशे वर्षांचा मामला आहे.

प्रश्न : आमचं तंबोरे-सतारीचं काम आहे. ज्यू लोक देवाच्या ठिकाणी कुठलं वाद्य वाजवतात? (एक कारागीर, मिरज)

दादा, उत्तर ऐकून तुम्हाला वाईट वाटणार. परंपरा पाळणाऱ्या सिनेगॉगमध्ये शनिवारच्या प्रार्थनेला वाद्यच नाही. इसवी सन 70 ला रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, तिथं पूर्वी वीणेसारखी तंतुवाद्यं, झांजा, कर्णे सगळं होतं, त्या दुःखात वाद्यं बाजूला ठेवली गेली, शिवाय शनिवारी वाद्य वाजवायचं नाही असा नियमही आहे. उरलं ते शोफार, मेंढ्याचं शिंग, ते नव्या वर्षाच्या सणाला फुंकतात. (एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या सुधारकांनी ऑर्गन आणला, त्यावरून जी भांडणं झाली ती वेगळीच गोष्ट.)

म्हणून सगळा भार गळ्यावर. तोरा वाचतात तोसुद्धा सुरात, छापील पुस्तकात अक्षरांच्या खाली-वर बारीक खुणा असतात (सिनेगॉगमधल्या गुंडाळीत नसतात, त्या पाठ करून जायच्या), त्यावरून आवाज कुठं चढवायचा कुठं थांबायचं ते ठरतं. खुणा जगभर त्याच, पण येमेनचा माणूस वाचतो आणि पोलंडचा वाचतो तर ऐकणाऱ्याला एकच ओळ आहे हे पटणार नाही. येमेनवाल्यांचं आणखी एक, वाद्य नको म्हणून त्यांनी तांब्याचं ताट आणि पत्र्याचा डबा वाजवायला घेतला, आणि काय ताल धरतात! तुमच्या भोपळ्याला मात्र तिथं गिऱ्हाईक नाही.

प्रश्न : कोकणातले ज्यू कीर्तन करायचे असं वडील सांगायचे. ही थाप आहे का? (सेवानिवृत्त शिक्षिका, सातारा)

बाई, वडील शंभर टक्के खरं सांगत होते.

हे बेने इस्रायल. अलिबागजवळ नौगावला जहाज फुटलं, सात जोडपी वाचली अशी त्यांची परंपरागत कथा. पुढं रायगडच्या गावागावात तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक ‘शनवार तेली’ म्हणायला लागले. आडनावं पेणकर, रोहेकर, केहीमकर, भाषा मराठी. हिब्रू बरीचशी विसरलेली, पण ‘शेमा’ ही एक प्रार्थना तोंडात टिकली होती. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग 1796 ला सॅम्युअल दिवेकरांनी बांधलं, त्याला लोक मशीदच म्हणायचे आणि लोकलचं मस्जिद स्टेशन त्यावरूनच असं सांगतात. प्रार्थना शिकवायला कोचीनकडून शिक्षक आले, म्हणजे हिब्रूच्या चाली केरळातून आल्या, आणि मिशनऱ्यांच्या शाळांमुळं बायबल मराठीत वाचायला मिळालं.

मग 1880 च्या सुमाराला मुंबईत ह्यांनी आपल्याच कथा कीर्तनात घातल्या. आब्राहाम, योसेफ, मोशे, दावीद यांची आख्यानं, आणि मध्ये साकी, दिंडी, आर्या, ओवी, अभंग सगळं. तुम्ही डोळे मिटून ऐकलं असतं तर साताऱ्याच्या कुठल्याही देवळात बसल्यासारखं वाटलं असतं, फक्त विठ्ठलाच्या जागी मोशे समुद्र दुभंगतोय. पुढं बायकांनीही कीर्तनं केली. मला तर हे क्लेझमरपेक्षा भारी वाटतं, पण मी मराठी माणूस, माझं मत धरू नका.

त्यांचा मलिदा तुम्ही ऐकलाय का? पुढारी खातात तो नव्हे. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं, ताट मध्ये ठेवून भोवती बसायचं आणि एलियाहू संदेष्ट्याचं हिब्रू गाणं म्हणायचं. लग्नाआधी, नवस फिटला की, नवं घर घेतलं की. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे, आजही तिथं येतात. 1948 नंतर बहुतेक मंडळी इस्रायलला गेली, पण मलिदा तिकडंही होतो, आणि तिकडून ‘मायबोली’ नावाचं मराठी मासिकसुद्धा निघालं.

प्रश्न : सगळीकडं पुरुषच गातात का? (एक वाचक, कोरेगाव)

कडक पाळणाऱ्यांत परक्या बाईचं गाणं पुरुषानं ऐकायचं नाही असं आहे खरं. पण कोचीनच्या ज्यू बायका लग्नात, सणात पुरुषांसमोर मल्याळम गाणी म्हणायच्या, आणि ती वह्यांमध्ये हातानं उतरवून ठेवायच्या, आईकडून लेकीकडं. 1950 च्या दशकात बहुतेक जण इस्रायलला निघाले तेव्हा वह्या सामानात बांधून नेल्या, त्यातून पुढं अभ्यासकांनी गाणी गोळा केली. तुमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या कुणी लिहून ठेवल्यात का? नसतील तर ह्या दिवाळीत वही घ्या.

प्रश्न : आमच्या सांगलीचा ह्या सगळ्याशी काय संबंध? उगाच जागा भरताय. (नाव नको, सांगली)

सकाळी आकाशवाणी सांगली लावता ना? कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी तंबोऱ्यावर व्हायोलिनची ती धून, जी ऐकून आपल्याकडं निम्म्या घरात पूर्वी बंब पेटायचा. ती बनवण्याचं श्रेय वॉल्टर कॉफमन यांना देतात. आजच्या चेक देशातल्या कार्ल्सबाडचे ज्यू, हिटलरच्या भीतीनं 1934 ला मुंबईत आले, बारा वर्षं राहिले, आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचं खातं बघायचे. धून शिवरंजनीच्या अंगाची. उद्या सकाळी जरा लवकर उठून ऐका, मग पुढचं पत्र लिहा.