हिरवी खूण आणि राहून गेलेले डेटाबेस

प्रश्न : मी इंदूरच्या एका साख संस्थेत (पतसंस्थेत) संगणक विभाग सांभाळतो. आमच्या एसक्यूएल सर्व्हरवर (डेटाबेस सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवर) 14 डेटाबेस असून रोज रात्री 11 वाजता ठरलेला बॅकअप होतो आणि त्या जॉबपुढे (वेळ लावून दिलेल्या कामापुढे) हिरवी खूण दिसते. तरीही सगळे डेटाबेस त्यात येतात की नाही, याची खात्री कशी करावी? – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : सांगितलेले काम पार पडले, एवढेच त्या हिरव्या खुणेवरून कळते. मेंटेनन्स प्लॅन (बॅकअपसारख्या नियमित कामांची आखणी) तयार करताना ‘सर्व डेटाबेस’ न निवडता नावांवर टिचक्या मारल्या असतील, तर नंतर तयार झालेला डेटाबेस त्यात आपोआप येत नाही, आणि जॉब मात्र रोज यशस्वी होतो. म्हणून तपासणी जॉबपासून नव्हे, तर डेटाबेसांच्या यादीपासून सुरू करावी.

ही यादी सर्व्हरच्याच ‘सिस डॉट डेटाबेसेस’मध्ये मिळते, तर झालेल्या बॅकअपांची नोंद एमएसडीबी या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसातील ‘बॅकअपसेट’ या टेबलमध्ये असते. यादीला ते टेबल लेफ्ट जॉइनने, म्हणजे नोंद नसली तरी यादीतले नाव राहील अशा रीतीने, जोडून प्रत्येक नावापुढे शेवटच्या पूर्ण बॅकअपची वेळ काढावी. पूर्ण बॅकअपसाठी ‘टाइप’ या रकान्यात ‘डी’ असते. ही अट मात्र ‘ऑन’मध्येच (जोडणीच्या अटीत) लिहावी, कारण ती ‘व्हेअर’मध्ये (जोडणीनंतरच्या गाळणीत) गेली की ज्यांचा बॅकअप कधीच झाला नाही ते डेटाबेस यादीतून गळतात, आणि आपल्याला तर नेमके तेच हवे असतात. माझी पहिली क्वेरी अशीच चुकली होती. यादीत एकही जागा रिकामी नाही, हे पाहून मी निश्चिंतपणे घरी गेलो होतो.

टेम्पडीबी या सर्व्हरच्या तात्पुरत्या डेटाबेसपुढची जागा रिकामी असेल, त्याची काळजी नको. त्याचा बॅकअप घेताच येत नाही. बाकीच्यांची वेळ नीट पाहावी. ती रात्री 11 नंतरची नसून दुपारची असेल, तर तो बॅकअप बहुधा कोणीतरी हाताने घेतलेला आहे आणि तो डेटाबेस वेळापत्रकात नाही. ज्यांचे रिकव्हरी मॉडेल ‘फुल’ आहे, त्यांच्यासाठी ‘एल’ प्रकारच्या, म्हणजे लॉग (बदलांची नोंदवही) बॅकअपच्या नोंदीही तपासाव्यात.

आणखी एक गोष्ट : बॅकअपची फाइल डिस्कवरून पुसली गेली तरी बॅकअपसेटमधली नोंद तशीच राहते. त्यामुळे महिन्यातून एकदा ठेवींचा डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर रिस्टोअर करावा (बॅकअपमधून पुन्हा उभा करावा) आणि आदल्या दिवशीची शेवटची पावती त्यात सापडते का, ते पाहावे.