हात चालून राह्यला अन् पकडला गेला

प्रश्न : माझा धाकटा भाऊ कबड्डीत चढाईपटू आहे. हंगामात एका संघाकडून मानधनावर खेळतो, एरवी दर्यापूर-अंजनगावकडचे खुले सामने. लागोपाठ तीन-चार गुण आणले की हातचा बोनस (बोनस रेषा ओलांडून मिळणारा एक गुण) सोडून थेट कोपऱ्यात घुसतो अन् पकडला जातो. बोललं तर म्हणतो, "आज हात चालून राह्यला होता ना ताई!" संघ मागे पडला की आणखीच बेफाम. काय करावं?
– एक बहीण, दर्यापूर तालुका

उत्तर : ताई, भाऊ अगदीच खोटं बोलत नाही. 1985 मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्व्हर्स्की यांनी फिलाडेल्फियाच्या बास्केटबॉल संघाच्या नोंदी तपासल्या अन् हात चालणं, म्हणजे लागोपाठ जमलं की पुढचंही जमणार, हा भासच ठरवला. 2018 मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्या हिशोबातच खोट काढली. म्हणजे हात थोडाफार चालतही असेल. पण कबड्डीत समोरचे काय झोपलेले असतात? तीन गुण नेलेला गडी पुन्हा आला की कोपरारक्षक अन् शेजारचा हात धरून साखळी करतात आणि मुद्दाम जागा मोकळी दाखवतात. त्यात आपल्याकडे कापूस घरी आल्यावरचे सामने, हॅलोजनचा उजेड, माईकवर "वाघ आला, वाघ!" भाऊ त्या मोकळ्या जागेत जाणारच.

मागे पडल्यावरचं बेफामपण निराळं. काहनेमन आणि ट्व्हर्स्की यांनी 1979 मध्येच मांडलं होतं, की तोट्यातला माणूस तो भरून काढायला एरवी घेतली नसती अशी जोखीम घेतो. चार गुणांनी मागे अन् आख्खा उत्तरार्ध बाकी, तर बोनस-बोनस करतही बरोबरी होते. याला ती एकाच चढाईत हवी असते. शेवटच्या मिनिटाला चार गुण कमी असतील तर मात्र घुसलंच पाहिजे. तेव्हा पकडला गेला तरी रागावू नका.

समजावण्याच्या भानगडीत पडू नका. तिघांना बाद केलेली चढाई पारावर वर्षभर चघळली जाते, पकडी कोणी मोजत नाही. त्या मोजा. बाहेर बसणाऱ्या एखाद्या पोराला वही द्या : फलक काय होता, वेळ किती उरली, समोर गडी किती, निकाल काय. दोन रिकाम्या, म्हणजे बिनगुणाच्या चढायांनंतरची तिसरी वेगळी लिहायची, कारण तिथे गुण आणणं भागच असतं, नाहीतर चढाईपटू बाद. दहा-बारा सामने झाले की वही त्याच्या पुढ्यात ठेवा. आणि किती गुणांनी मागे, किती मिनिटं उरली असताना कोपऱ्यात जायचं, हे प्रशिक्षकाकडून सामन्याआधीच ठरवून घ्या.