'एकूण क्षारता' नव्हे, 'एकूण अल्कता'

विचारणा अशी: समुद्राच्या आम्लीभवनावर मराठीत लिहिताना 'टोटल अल्कलिनिटी'ला 'एकूण क्षारता' म्हटले तर चालेल का? आणि आम्लीभवन म्हणजे ही क्षारता घटणे, असे म्हणता येईल का?

दोन्ही नको. मराठीत क्षार म्हणजे मीठ. हिंदीत क्षार म्हणजे अल्क (अल्कली, आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ), आणि मिठाला लवण. हिंदीतली 'क्षारता' तशीच उचलली की मराठी वाचक ती सॅलिनिटी समजतो, आणि त्याचे बरोबरच असते. मग एकाच तक्त्यात 'क्षारता' नावाचे दोन रकाने येतात: एकात 35, दुसऱ्यात 2300. पहिला आकडा खारटपणाचा, विद्युतवाहकतेवरून काढलेला, एकक नसलेला. दुसरा अल्कतेचा, दर किलो पाण्यामागे मायक्रोमोलमध्ये. शेतीच्या मराठीने हा भेद केव्हाच केला आहे: विद्राव्य क्षार साठलेली जमीन क्षारयुक्त, आणि मातीला सोडियम चिकटून सामू (pH; जितका कमी तितके आम्ल जास्त) 8.5 च्या वर गेलेली ती चोपण.

अल्कता म्हणजे पाणी किती आम्ल पचवते ते. मोजतातही तसेच. 25 अंशांना ठेवलेल्या नमुन्यात मिठाच्या पाण्यात बनवलेले 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल सोडत सामू 3.5 पर्यंत उतरवायचा, काही मिनिटे ढवळून कार्बन डायऑक्साइड हाकलून द्यायचा, मग थोडे थोडे आम्ल घालत 3.0 गाठायचा. वायू नीट निघाला नाही तर हिशेब बिघडतो. बाटलीत शिंपल्याचा बारीक चुरा राहिला तर तोही आम्ल खातो आणि अल्कता फुगते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की सामू उतरतो, विरघळलेला एकूण कार्बन वाढतो, पण अल्कता हलत नाही. कारण प्रत्येक हायड्रोजन आयनासोबत एक बायकार्बोनेटही तयार होतो; अल्कतेच्या हिशेबात बायकार्बोनेट अधिक आणि हायड्रोजन आयन वजा धरतात, म्हणून दोघांची वजाबाकी शून्य. अल्कता घटते ती पावसाने पाणी पातळ झाले की, किंवा प्रवाळ-शिंपले कवच बांधू लागले की.

म्हणून 'अल्कता घटली' न लिहिता 'सामू उतरला' लिहावे. औद्योगिक काळापासून तो सुमारे 8.2 वरून 8.1 वर आला आहे. मोजपट्टी लॉगॅरिथमची असल्याने या दशांशात हायड्रोजन आयन सुमारे 26 टक्क्यांनी वाढतात. पाणी अजूनही 7 च्या, म्हणजे उदासीन बिंदूच्या, वरच आहे, तेव्हा 'समुद्र आम्लधर्मी झाला' असेही लिहू नये.