पहिलं सिझर झालंय, आता नॉर्मल होईल का?

“ताई, पहिलं सिझर आहे. नॉर्मलचा प्रयत्न करू का? आतले टाके उसवले तर?” सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायका हे इतक्यांदा विचारतात, की मी आता आधी उत्तर देतच नाही. आधी पहिलं बाळंतपण ऐकते. भीती नुसत्या आकड्यांनी जात नाही, हे माझं मत शिकाऊ मुलींना पाठ झालंय.

अशीच एक आली तेव्हा सोबत तिच्या सासूबाई होत्या. “एकदा सिझर की पुढची सगळी सिझरच,” त्या म्हणाल्या. हे वाक्य मूळचं 1916 सालचं, न्यूयॉर्कच्या डॉ. क्रेगिन यांचं. तेव्हा गर्भाशयावर उभा छेद घेत. आज बहुधा खालच्या भागात आडवा घेतात, म्हणून ते वाक्य आता सरसकट लागू होत नाही.

पुढच्या वेळी ती एकटी आली.

“पहिल्या वेळी काय झालं?”

“मला कळा सोसल्या नाहीत.”

“असं कोण म्हणालं?”

“सगळेच म्हणतात.”

डिस्चार्ज कार्ड आणायला सांगितलं. आणलं, पण ते तिनं कधी वाचलंच नव्हतं. मी मोठ्यानं वाचायला लावलं. बाळ पायाळू होतं, आणि कळा सुरू होण्याआधीच शस्त्रक्रिया ठरली होती. ती तीच ओळ पुन्हा वाचत राहिली. “म्हणजे सोसायला कळा आल्याच नव्हत्या?” मग रडली, आणि नंतर चक्क चिडली. मला बरं वाटलं. त्यानंतर “नॉर्मल होईल ना?” हा प्रश्न तिनं कधी विचारला नाही. “कुठल्या कारणानं पुन्हा सिझर करतील?” असं विचारू लागली. दोन वर्षं ती नॉर्मल बाळंतपणाकडून निर्दोष असल्याचा दाखला मागत होती.

मग आकडे बोललो. असा प्रयत्न करणाऱ्या 100 पैकी साधारण 60 ते 80 जणींचं बाळंतपण नॉर्मल होतं. आधी एकदा नॉर्मल झालेलं असेल तर शक्यता आणखी वाढते. आडव्या छेदाचा व्रण फाटण्याचा धोका साधारण 200 त एक. पण फाटला तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. म्हणून तातडीची शस्त्रक्रिया, रक्त आणि बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवण्याची सोय असलेलं रुग्णालयच हवं. घरी अजिबात नाही. औषधानं कळा आणल्या, किंवा दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर असलं, तर धोका वाढतो. उलट बाजूही आहे: प्रत्येक सिझरगणिक पुढच्या खेपेला वार गर्भाशयाला घट्ट चिकटून बसण्याची भीती वाढत जाते.

तिचं बाळंतपण नॉर्मल झालं. त्याच सुमारास दुसऱ्या एकीनं सगळं समजून घेऊन पुन्हा सिझर निवडलं. तिचंही माझ्या लेखी तितकंच छान झालं.

पोटावरचा व्रण आडवा आहे म्हणून आतला छेदही आडवाच असेल, असं धरून चालू नका. आत उभा छेद असेल तर सहसा नॉर्मलचा प्रयत्न करत नाहीत. हे शस्त्रक्रियेच्या नोंदीवरूनच कळतं, तेव्हा पहिल्या रुग्णालयातून ती नोंद आत्ताच मागून घ्या. नववा लागायची वाट पाहू नका.