परतीचा पाऊस, आठवड्याचा अंदाज आणि रानातलं सोयाबीन

शेतकरी बंधू-भगिनींनो, गेल्या आठ दिवसांत कार्यालयात आणि फोनवर बरेच प्रश्न आले. त्यातले निम्मे तरी एकाच प्रश्नाची वेगवेगळी रूपं आहेत, म्हणून तो आधी घेतो. बाकीच्यांची उत्तरं त्यामानाने थोडक्यात.

प्रश्न : साहेब, मोबाईलवर सातही दिवस ढग आणि पाऊस दाखवतोय. सोयाबीन पार वाळलंय. काढू का थांबू?

सातही दिवसांना सारखा भाव देऊ नका, ही पहिली गोष्ट. आज आणि उद्याचा अंदाज कामाला धरण्याइतका भरवशाचा असतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या अंदाजावर मजूर आणि मळणीयंत्राची बोलणी करावीत, पण विळा लावू नये. सहावा-सातवा दिवस नुसता कल सांगतो. हवामान विभागही जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी नव्याने काढतो, तो याचसाठी. शुक्रवारी वाचलेला अंदाज पुढच्या गुरुवारपर्यंत उराशी धरून बसणारे बरेच भेटतात. मंगळवारी तो बदललेला असतो.

दुसरं म्हणजे ढगाचं चित्र बघू नका, शब्द वाचा. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पर्जन्यमापकांपैकी फार तर २५ टक्के ठिकाणी पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ७५ पर्यंत आणि त्यापुढे 'बहुतांश ठिकाणी'. मोबाईल मात्र या चारही शब्दांना एकच काळा ढग काढून मोकळा होतो. आठवडाभर 'तुरळक' असेल तर तुमचं शिवार सगळे दिवस कोरडं राहू शकतं, किंवा एका संध्याकाळी धुऊन निघू शकतं. 'बऱ्याच ठिकाणी' हा शब्द उद्याच्या तारखेसमोर दिसला तर विळा खाली ठेवा.

हवामान विभागाच्या पिवळ्या इशाऱ्याचंही तसंच. रंग बघून घाबरण्याआधी त्याच्यापुढचं कारण वाचा. या दिवसांत पिवळा इशारा पुष्कळदा विजा आणि सोसाट्याच्या वाऱ्यासाठी असतो. जोरदार पाऊस म्हणायला २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे पडावा लागतो. पण कापून पसरलेल्या सोयाबीनला १० मिलिमीटरही पुरतो, हे आकडा बघताना विसरू नका.

आता या पावसाची चाल. जुलैतला पाऊस दिवसदिवस झिमझिमतो, हा तसा नाही. सकाळी आभाळ निरभ्र, दुपारी ऊन चटके देतं, ओल्या जमिनीची वाफ वर चढते, त्यात पूर्वेकडून बाष्प आलं की तीन-चारच्या सुमारास ढग उभे राहतात आणि दिवेलागणीपर्यंत कोसळून मोकळे होतात. हा ढग काही किलोमीटरच रुंद असतो. ओढ्याच्या अलीकडे गुडघाभर पाणी आणि पलीकडे धूळ, असं होतं ते यामुळे. म्हणून सकाळचं स्वच्छ आभाळ बघून काढणी सुरू करू नका. उलट सकाळीच फार उकाडा असेल आणि दुपारी फुलकोबीसारखे उंच ढग चढत असतील, तर अंदाजात काहीही लिहिलेलं असो, कापलेला माल चारच्या आत गोळा करा.

निर्णयाचा माझा हिशेब साधा आहे. जेवढं उद्या संध्याकाळपर्यंत मळून होईल किंवा ताडपत्रीखाली जाईल, तेवढंच आज कापा. पाच एकर एका दमात आडवं करू नका. उभं वाळलेलं सोयाबीन एखादी सर झेलतं, वारा आणि ऊन मिळालं की दुपारपर्यंत कोरडं होतं. तेच कापून ओल्या जमिनीवर पडलं की खालच्या शेंगांना वारा लागत नाही, दाणा काळवंडतो, कोंब फुटतात. अर्थात उभ्यालाही किती दिवस ठेवणार? शेंगा तडकायला लागल्या की थांबण्यात नुकसानच आहे. मग मात्र दोन कोरडे दिवस मिळताच जेवढे हात जमतील तेवढे लावा.

कापलेल्या सोयाबीनची गंजी रानाच्या उंच बाजूला लावा, खाली काड्या किंवा जुनी ताडपत्री अंथरा आणि भोवती चर काढा. भिजलेला माल गंजीला लावू नका, आतून तापतो आणि बुरशी धरतो. आधी पसरून वाळवा. पाऊस उघडला की झाकण काढून वारा द्या, नाहीतर वरून कोरडी दिसणारी गंजी आत वाफाळते. साठवताना दाण्यातला ओलावा १२ टक्क्यांच्या खाली हवा. बियाण्यासाठी ठेवायचं असेल तर भिजलेला आणि कोरडा माल एकत्र मळू नका.

एक कबुलीही देतो. काही वर्षांपूर्वी तीन दिवस कोरडे दिसतात असं बघून मी एका गटाला सरसकट काढणी करा असं सांगितलं होतं. दोन दिवस कोरडे गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अर्ध्या तासात सगळं भिजलं. अंदाज फारसा चुकला नव्हता, त्यात 'तुरळक' लिहिलेलं होतं, मीच ते वाचून सोडून दिलं. तेव्हापासून 'सरसकट' हा शब्द मी सल्ल्यात वापरत नाही.

प्रश्न : मान्सून परतला अशी बातमी आली. आता पाऊस संपला ना?

नाही. पश्चिम राजस्थानातून परतीची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर आणि संपूर्ण देशातून १५ ऑक्टोबर. पण परतला याचा अर्थ वारे बदलले, हवेतलं बाष्प कमी झालं. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन पश्चिमेकडे सरकला की ऑक्टोबरच्या अखेरीसही आपल्याकडे पाऊस येतो. बातमी ऐकून ताडपत्र्या घडी करून ठेवू नका.

प्रश्न : हस्त नक्षत्र कोरडं गेलं, चित्रा नक्षत्रात पडेल का?

नक्षत्र सूर्याची जागा सांगतं, म्हणजे ते एक कॅलेंडर आहे. कोणत्या पंधरवड्यात कोणतं काम, हे आपल्या जुन्या माणसांनी त्यावर अचूक बसवलं आहे आणि मी स्वतः पेरणीच्या गप्पा नक्षत्रांतच करतो. पण मंगळवारी पाऊस येईल का बुधवारी, हे त्यातून कळणार नाही.

प्रश्न : रब्बी ज्वारी आणि जिरायत हरभरा पेरायचा आहे. पावसाची वाट बघू का?

जिरायत ज्वारीची वेळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. जमिनीत ओल असेल आणि वापसा, म्हणजे पेरणीजोगी स्थिती, आला असेल तर वाट बघू नका. मूठभर माती दाबून बघा : गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर वापसा आहे. चिखलासारखा चिकटला तर अजून थांबा. ओल कमी असेल तर हरभरा थोडा खोल पेरा. दोन दिवसांत 'बऱ्याच ठिकाणी' पाऊस असेल तर पेरणी पुढे ढकला, कारण काळ्या रानात पेरणीमागून जोराची सर पडली की वर पापुद्रा धरतो आणि कोंबाला वर यायला जड जातं. थांबलेल्या दिवसांत बीजप्रक्रिया उरकून घ्या : ज्वारीला काणी रोगासाठी किलोला ४ ग्रॅम ३०० मेश गंधक (बारीक भुकटी), हरभऱ्याला मर रोगासाठी किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी).

प्रश्न : आभाळ आलंय, तूर फुलात आहे. घाटेअळीचं औषध मारून घेऊ का?

नुसतं आभाळ बघून मारू नका. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग दोन-तीन दिवस एका सापळ्यात ८ ते १० पतंग आले तर फवारणीचा विचार करा. तोवर ५ टक्के निंबोळी अर्क पुरेसा आहे. फवारणी दंव सुकल्यावर सकाळी उरका. दुपारच्या ढगाखाली मारलेलं औषध संध्याकाळी ओढ्याला जातं.

प्रश्न : काल आमच्या रानात पाणी साचलं आणि नोंदीत पाऊस शून्य! हे कसं?

दोन कारणं. रोजचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात, त्यामुळे संध्याकाळचा पाऊस पुढच्या तारखेला दिसतो. आणि महसूल मंडळातला पर्जन्यमापक तुमच्यापासून लांब असेल तर तो ढग त्याच्यावरून गेलाच नसेल. मी तर म्हणतो, उभ्या सरळ कडांचा एखादा डबा मोकळ्या जागेत, झाडापासून दूर, दगडांत पक्का बसवा. सकाळी पट्टीने पाणी मोजा, जेवढे मिलिमीटर तेवढा पाऊस. २५ मिलिमीटर भरला तर एकरी साधारण एक लाख लिटर पाणी पडलं असं समजा. पुढचं ओलित कधी द्यायचं ते त्यावरून ठरवता येतं. वहीत लिहून ठेवलंत तर मलाही दाखवा, माझ्याकडच्या नोंदीपेक्षा ती तुमच्या रानाची जास्त खरी असेल.

प्रश्न : कापूस वेचणीला बायका दुपारी रानात असतात, विजेची भीती वाटते.

ताई, भीती रास्त आहे. वेचणी दंव उडाल्यावर सुरू करून दुपारी तीनपर्यंत आटपा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप एका तरी मोबाईलवर ठेवा, आसपास वीज कडाडत असेल तर ते इशारा देतं. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली नव्हे, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. जवळ काहीच नसेल तर सखल जागी एकमेकींपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडव्या बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास रानात परतू नका. भिजलेला कापूस राहू द्या, तो कोरडा झाल्यावर वेगळा वेचता येतो.