अध्यक्ष बदलण्याआधी परिशिष्ट 1 चा उतारा काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातली हौशी नाट्यसंस्था, संस्थापक अध्यक्ष वीसेक वर्षं त्याच खुर्चीवर. तालमी, नेपथ्य, तिकीटविक्री सगळं तरुण मंडळी ओढतात आणि बँक म्हणते, सह्या बदलून मिळणार नाहीत. तर अध्यक्षांना बाजूला कसं करायचं? हा प्रश्न तिसरा आहे. पहिला कागदांचा आणि दुसरा कोणी काय ठरवायचं याचा. हे दोन न सोडवता खुर्चीला हात लावलात तर संस्थेत दोन कार्यकारिण्या होतील आणि खातं गोठेल.

महाराष्ट्रात अशा बहुतेक संस्थांची नोंदणी दुहेरी असते: 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. म्हणजे तुमची कार्यकारिणी हेच विश्वस्त मंडळ. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परिशिष्ट 1 चा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या तिथल्या नोंदवहीचा, प्रमाणित उतारा मागवा. वार्षिक सभेत टाळ्यांच्या गजरात कोणीही निवडून आलेलं असो, बँक त्या उताऱ्यावरचीच नावं बघते.

विश्वस्त बदलले की त्या नोंदवहीत नवी नावं चढवण्यासाठी 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो (1950 च्या कायद्याचं कलम 22). "पुढच्या वर्षी एकदमच देऊ" हे कार्यवाहांचं आवडतं वाक्य. एकदम देता येत नाही. प्रत्येक निवडणुकीचा अर्ज स्वतंत्र आणि क्रमाने. उशिराच्या प्रत्येक अर्जासोबत विलंब माफीचा अर्ज आणि पटेल असं कारण, शिवाय खर्चापोटी रक्कमही भरावी लागू शकते. अर्जाला सभेची नोटीस, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, इतिवृत्त, नव्यांची संमतीपत्रं, गेलेल्यांचे राजीनामे किंवा मृत्यू दाखले जोडायचे. अर्ज अडकतात ते बहुतेक वेळा नोटीस पोचल्याच्या पुराव्यावर. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेल्या निरोपावर विसंबू नका. तुमच्या घटनेत नोटिशीची जी पद्धत आणि जितके दिवस लिहिलेत, तसंच करा.

एक मोह टाळा. न झालेल्या सभांची इतिवृत्तं आता बसून लिहू नका. पाच वर्षांची इतिवृत्तं एकाच पेनाने, एकाच हाताने लिहिलेली दिसली की हरकत घेणाऱ्याचं काम आयतंच होतं, आणि मग खऱ्या सभाही संशयात येतात. सभा झाली नसेल तर झाली नाही म्हणा. उताऱ्यावरच्या हयात विश्वस्तांकडून नव्याने रीतसर सभा बोलवून घ्या. ते दाद देत नसतील तर त्याच कायद्याच्या कलम 41अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे निर्देश मागता येतात.

सभेच्या आधी मतदारयादी पक्की करा. 1860 च्या कायद्याच्या कलम 15 नुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे, त्याला मत नाही. आदल्या रात्री वीस जणांची वर्गणी एकाच खिशातून भरण्याचा प्रकार आपल्याकडे नवा नाही. त्यामुळे यादी कोणत्या तारखेला गोठवायची हे नियमावलीत काय आहे ते पाहा. नसेल तर कार्यकारिणीने आधीच ठराव करून नोटिशीत ती तारीख छापावी.

आता अधिकार. नाट्यसंस्थेत भांडणं पैशांवरून दिसतात, पण पेटतात ती संहितेवरून आणि भूमिकावाटपावरून. कार्यकारिणीने संहितेवर मतदान घेऊ नये. तिने फक्त अंदाजपत्रक मंजूर करावं: नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा, लेखकाचं मानधन, नाट्यगृहाचं भाडं, प्रवास, आणि वर दहा टक्के किरकोळ. त्या चौकटीत काय करायचं ते तीन-चार जणांच्या निवड समितीने आणि दिग्दर्शकाने ठरवावं. अध्यक्ष किंवा कोषाध्यक्षांचा मुलगा नाटकात असेल तर त्याच्या मानधनाच्या ठरावावेळी त्यांनी बाहेर थांबावं आणि तसं इतिवृत्तात यावं. विश्वस्तांच्या नातेवाइकांना बाजारभावापेक्षा जास्त दिलं तर आयकर सवलतही धोक्यात येते.

राज्य नाट्य स्पर्धेत उतरत असाल तर प्रवेश अर्ज भरण्याआधीच लिहून ठेवा: निर्मितीचं बक्षीस संस्थेच्या खात्यात, वैयक्तिक बक्षिसं त्या त्या कलाकाराची. निकालानंतर हा विषय काढलात तर निम्मा संच पुढच्या वर्षी दुसऱ्या बॅनरखाली दिसेल. लेखकाचं परवानगीपत्र संस्थेच्या नावे घ्या, दिग्दर्शकाच्या नाही. काळे पडदे, लेव्हल्स (रंगमंचावरचे चौथरे), स्पॉट, डिमर (दिवे मंद करणारं यंत्र), जे संस्थेच्या पैशाने आलं ते डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढवा आणि कोणाच्या गोदामात आहे त्याची सही घ्या. माणूस रुसून गेला की त्याच्यासोबत पडदेही जातात.

पैशांचं थोडक्यात: तिकीट खिडकीवर कोषाध्यक्षाच्या खासगी नंबरचा क्यूआर कोड लावणं आजच बंद करा. चेकवर तिघांपैकी दोघांच्या सह्या, त्यात कोषाध्यक्ष असलाच पाहिजे. 2000 रुपयांवरची रोख देणगी घेतलीत तर देणाऱ्याला आयकरात देणगीची सवलत (80जी म्हणतात ती) मिळत नाही, हे पावती फाडण्याआधी सांगा. मार्चअखेरच्या हिशोबाचं ऑडिट सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर, धर्मादायकडे गेलं पाहिजे.

मग अध्यक्ष. त्यांना हरवायला जाऊ नका, त्यांच्याकडचं आधी काढून घ्या. नगरपालिकेतली ओळख, तारखा देणारा नाट्यगृहाचा माणूस, दरवर्षी जाहिरात देणारे व्यापारी, तालमीच्या हॉलचा तोंडी करार, हे सगळं एका फोनमध्ये आहे. एक वर्ष उपाध्यक्षाला प्रत्येक भेटीला सोबत पाठवा आणि हॉलचा करार कागदावर आणा. नंतर त्यांना मार्गदर्शक करा, पण मत आणि सहीचा अधिकार नसलेला. "सल्लागार मंडळ" नावाची दुसरी कार्यकारिणी उभी करू नका.

मुदतीची अट (सलग दोन कार्यकाळ, प्रत्येकी तीन वर्षं) घालायची तर ती नियमावलीतली दुरुस्ती आहे. घटनेतलं दुरुस्तीचं कलम, बहुमत आणि नोटीस तंतोतंत पाळा आणि दुरुस्तीची नोंद कार्यालयात करून घ्या. आधीचे कार्यकाळ मोजायचे की नाही, हे ठरावातच लिहा. ते मोघम ठेवलंत तर तुमचे अध्यक्ष नव्या नियमाखाली आणखी सहा वर्षं मागतील, आणि त्यांचं म्हणणं चूकही ठरणार नाही.