डीडब्ल्यूएमला हात घालण्याआधी

कोड शिकण्यासाठी डीडब्ल्यूएम (लिनक्ससारख्या सिस्टिमवर खिडक्या मांडणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे विंडो मॅनेजर) बदलून बघायचं म्हणताय, तर आधी सोर्समधलं अक्षरही न बदलता तो आहे तसा कंपाइल करून (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवून) चालवून बघा. पुष्कळ जण पहिल्याच दिवशी चार पॅच (इतरांनी केलेल्या बदलांच्या तयार फाइल) चिकटवतात. मग एरर आपल्या बदलामुळे आली की एक्सलिबच्या (खिडक्या दाखवणाऱ्या एक्स यंत्रणेशी बोलणाऱ्या लायब्ररीच्या) हेडर फाइल नाहीत म्हणून, हेच कळत नाही.

शिकायला निवड झकास केलीत. सी कोड दोन हजार ओळींपुढे जाऊ द्यायचा नाही, हे कर्त्यांनी ठरवूनच ठेवलंय. सेटिंगची स्क्रीन नाही, बदल कॉन्फिग.एच मध्ये करायचा आणि पुन्हा कंपाइल करायचं. सुरुवातीला मॉडकीपुढचं (शॉर्टकटसाठी दाबून धरायची की) 'मॉड१मास्क' काढून 'मॉड४मास्क' लिहा, ऑल्टऐवजी विंडोज की चालेल. इन्स्टॉल झाल्यावर डीडब्ल्यूएम बंद करून पुन्हा सुरू करा. (हे विसरून "बदल होतच नाही" म्हणणारे कमी नाहीत.)

पॅच लावण्याआधी गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) कमिट, म्हणजे आत्ताच्या कोडची नोंद, हवाच. पॅच दुसऱ्या आवृत्तीचा असेल, तर न बसलेला भाग .रेज फाइलमध्ये पडतो. ती उघडा, अधिकची खूण असलेल्या ओळी वाचा आणि योग्य जागी हाताने घाला. कंटाळवाणं आहे, पण कोड खरा कळतो तो इथेच. आणखी एक गोम: बहुतेक पॅच कॉन्फिग.डेफ.एच (मूळ सेटिंगची नमुना फाइल) बदलतात, तुमची जुनी कॉन्फिग.एच तशीच राहते. 'अनडिक्लेअर्ड' (हे नाव कुठेच जाहीर केलेलं नाही) अशी एरर आली की आधी या दोन फाइल ताडून बघा.

लायसन्सची चिंता नको. एमआयटी आहे, घरच्यापुरते बदल कुणाला दाखवायची सक्ती नाही.